जात्यावरील ओवी

जात्यावरील ओवी हा मराठी मौखिक परंपरेतील स्त्रीरचित लघुकाव्याचा प्रकार आहे. पहाटेच्या वेळी जात्यावर धान्य दळताना स्त्रिया ज्या दोन ते चार ओळींच्या रचना गात असत, त्यांना ही संज्ञा आहे. आई-वडील, भाऊ, माहेर, सासर, मूल, शेतीभाती, सणवार आणि दैवते हे या ओव्यांचे प्रमुख विषय होत. जुन्या काळातील कौटुंबिक जीवनाच्या आठवणी आणि दैनंदिन व्यवहार यांचे दर्शन घडविणारे हे मराठीतील बहुधा सर्वांत विपुल काव्य असावे. ते जवळजवळ सर्वस्वी निनावी आहे. पिठाची चक्की गावोगाव पोहोचल्यानंतर ओवीचे मूळ गायनस्थळ नाहीसे झाले; त्यामुळे आज हा प्रकार मुख्यतः छापील संग्रह, ध्वनिमुद्रणे आणि वृद्ध स्त्रियांची स्मरणशक्ती यांतून टिकून आहे.

नाव आणि रचना

'ओवी' या शब्दाची व्युत्पत्ती सामान्यतः 'ओवणे' या क्रियापदाशी जोडली जाते. फुले दोऱ्यात ओवावीत त्याप्रमाणे शब्द लयीत ओवणे, असा तिचा अर्थ सांगितला जातो. मराठीत ओवीचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. पहिला ग्रांथिक ओवीचा. तिला चार चरण असून पहिल्या तीन चरणांच्या अखेरीस यमक असते आणि चौथा चरण तुलनेने आखूड असतो, शके १२१२ (इ. स. १२९०) मधील 'ज्ञानेश्वरी' हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. दुसरा प्रकार गेय किंवा कंठस्थ ओवीचा. जात्यावरील ओवी या दुसऱ्या प्रकारात मोडते.

कंठस्थ ओवी बहुधा दोन ओळींची असते. प्रत्येक ओळीचे दोन खंड पडतात आणि दोन्ही ओळींच्या शेवटी यमक जुळते. अक्षरसंख्येचा नियम कडक नसतो. जात्याचा फेरा हेच तिचे माप असते. ओळ आखूड पडली तर 'बाई', 'गं', 'माझ्या', 'सये' असे शब्द घालून ती लांबविली जाते, आणि लांब झाली तर अक्षरे जलद उच्चारून फेऱ्यात बसविली जातात. छापील पानावर ओबडधोबड वाटणारी ओवी गाताना सुबक वाटते, ती यामुळेच.

आशयाच्या दृष्टीनेही या दोन ओळींची मांडणी ठरावीक असते. पहिली ओळ बहुतेकदा डोळ्यांपुढची एखादी वस्तू, जागा किंवा प्रसंग सांगते: दारातील तुळस, विहिरीची वाट, आभाळात आलेला मेघ, रस्त्याने जाणारी बैलगाडी. दुसरी ओळ ती गोष्ट एखाद्या नात्याशी नेऊन जोडते. गाडी दिसते आणि भाऊ आठवतो. मेघ दिसतो आणि वडिलांच्या शेतातील पेरणी आठवते. एवढ्या थोडक्या अवकाशात एक चित्र आणि एक आठवण सामावते, यातच या प्रकाराचे बलस्थान आहे.

दळणाची रीत

ओवी समजण्यासाठी जाते माहीत असणे आवश्यक आहे. जात्याला दोन वर्तुळाकार दगडी तळ्या असतात. खालची तळी स्थिर राहते व तिच्या मध्यभागी लोखंडी खीळ असते. वरची तळी या खिळीभोवती फिरते. वरच्या तळीच्या मधल्या तोंडातून मूठ मूठ धान्य टाकतात. या मुठीला 'वैरण' म्हणतात. कडेला बसविलेला लाकडी खुंटा धरून जाते फिरविले जाते. तळ्यांचे दगड झिजून गुळगुळीत झाले की पीठ जाडेभरडे पडते. तेव्हा टाकीने तळ्यांना पुन्हा खाचा पाडून घ्याव्या लागत. खानदेश-वऱ्हाडाच्या बोलीत जात्याला 'घरोट' असेही नाव आहे.

दळण हे कष्टाचे काम होते. दिवसभराच्या भाकरीचे पीठ त्याच दिवशी पहाटे दळावे लागे, त्यामुळे कोंबडा आरवण्यापूर्वी उठणे भाग पडे. जाते जड असल्यास दोन स्त्रिया समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत. एकीने ओळ उचलायची आणि दुसरीने ती झेलायची, अशी रीत असे. दोघी सासू-सून, नणंद-भावजय किंवा जावा असत. दिवसा ज्यांच्यात मोकळे बोलणे होत नसे, त्यांना पहाटेच्या अंधारात एका सुरात गावे लागे. घरातील पुरुष झोपलेले असत आणि जात्याच्या घरघरीत शब्द अर्धवट बुडून जात. सासुरवाशिणीला मनातले बोलण्याची ही क्वचित मिळणारी मुभा होती. ओवी गाणारी स्त्री जात्यालाच सखी मानून त्याच्याजवळ सुखदुःख सांगते, त्याचे कारण या परिस्थितीत आहे.

इतिहास

ओवीगायनाचा जुना उल्लेख 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणी' या संस्कृत ग्रंथात सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेला हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे 'ज्ञानेश्वरी'च्या आधी दीडशेहून अधिक वर्षे ओवी स्त्रियांच्या कामाच्या जागी प्रचलित होती. ग्रांथिक ओवीचा उगम या गेय ओवीत असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

तेराव्या शतकातील विदर्भात स्त्रीरचित गीतांचा आणखी एक महत्त्वाचा पुरावा मिळतो. महानुभाव पंथातील महदाइसा ऊर्फ महदंबा यांनी रचलेले 'धवळे' हे कृष्ण-रुक्मिणी विवाहाचे गीत अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथील गोविंदप्रभूंच्या सान्निध्याशी निगडित आहे. महदंबा यांना आद्य मराठी कवयित्री मानले जाते. धवळे हा विवाहप्रसंगी गायच्या गीतांचा प्रकार असल्याने, लेखी साहित्याच्या आरंभीच घरगुती स्त्रीगीतांची परंपरा दृढ होती, हे त्यावरून दिसते. संत जनाबाईंच्या नावावरील अभंगांत दळण-कांडण करताना विठ्ठल मदतीला येतो. देव जात्याशी येऊन बसतो ही कल्पना पुढे असंख्य ओव्यांतही आढळते.

ग्रांथिक ओवीही विसाव्या शतकापर्यंत वापरात राहिली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' याच छंदात आहे.

विषय

दळणाला बसताना पहिल्या ओव्या देवाच्या, अशी सर्वसाधारण प्रथा होती. पहिली, दुसरी, तिसरी असा क्रमांक घालून गणपती, कुलदैवत, विठ्ठल, राम यांना एकेक ओवी वाहिली जाई. त्यानंतर आई-वडील, भाऊ आणि शेवटी मुले असा ओघ चाले.

माहेर आणि भाऊ. माहेरच्या ओव्यांची संख्या फार मोठी आहे. लहान वयात विवाह होत असल्यामुळे आठवणीतील माहेर हे बालपणाचेच दुसरे नाव होते. सासुरवाशिणीला सणाला माहेरी नेण्यासाठी येणाऱ्या माणसाला 'मुराळी' म्हणतात. बहुधा तो भाऊच असे. त्याची वाट पाहणे, गाडी दिसणे, त्याला जेवू घालणे आणि निरोप देणे हे प्रसंग ओव्यांत पुन्हा पुन्हा येतात. भावाच्या श्रीमंतीचे वर्णन अतिशयोक्त असते. परंतु भावजय आल्यानंतर माहेरचे दार अरुंद होते, ही जाणीवही तेवढ्याच स्पष्टपणे व्यक्त होते.

आई-वडील. आई जिवंत आहे तोवरच माहेर, हा विचार अनेक ओव्यांच्या मुळाशी आहे. वडिलांविषयीच्या ओव्यांत प्रेमाबरोबर मूक तक्रारही असते. लांबच्या किंवा दरिद्री घरी दिल्याचे दुःख मुलगी वडिलांना उघडपणे सांगू शकत नाही. ती ते जात्याला सांगते.

पती. पतीचे नाव उच्चारू नये, असा संकेत असल्याने ओवीत तो 'कंथ', 'राया', 'भरतार', 'हौशा' अशा शब्दांनी येतो. कुंकू आणि चुडा ही सौभाग्याची चिन्हे त्याच्याऐवजी बोलतात.

मुले. मुलगा 'राघू' आणि मुलगी 'मैना' या प्रतिमा रूढ आहेत. मैना एक दिवस दुसऱ्याच्या रानात उडून जाणार, ही भावना मुलीच्या ओव्यांत असते. सासरी गेलेली आई आपल्या मुलीच्या रूपाने स्वतःची कहाणी पुन्हा सांगत असते.

सीता. रामकथेच्या ओव्यांत रामापेक्षा सीतेला अधिक जागा मिळते. तिचा वनवास, एकटीचे बाळंतपण आणि नाकारले जाणे यांत स्त्रियांना स्वतःचे जगणे दिसले. मराठवाड्यातील या ओव्यांकडे ना. गो. नांदापूरकर यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले.

बाबासाहेब आंबेडकर. विसाव्या शतकात ओवीने नवे नायक स्वीकारले. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्थान सर्वांत मोठे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेले धम्मदीक्षेचे स्थित्यंतर, शिक्षणाचे महत्त्व, रमाबाईंचे कष्ट आणि ६ डिसेंबर १९५६ रोजीच्या महापरिनिर्वाणाचे दुःख हे विषय दलित स्त्रियांच्या ओव्यांत येतात. बीड जिल्ह्यातील माजलगाव परिसरात ध्वनिमुद्रित झालेल्या भीमाच्या ओव्या यासाठी प्रसिद्ध आहेत. या ओव्यांत बाबासाहेब हे राजकीय नेते म्हणून जितके येतात, तितकेच भाऊ किंवा बाप म्हणूनही येतात. ज्या नात्यांच्या भाषेत स्त्रिया आजवर माहेर गात होत्या, त्याच भाषेत त्यांनी एका सामाजिक क्रांतीला घरात आणले.

विदर्भातील परंपरा

विदर्भात ओवीचे स्वरूप मुख्य धान्यानुसार बदलते. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांत, ज्वारी हे पारंपरिक अन्न असल्यामुळे जात्यावरचे दळण प्रमुख होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग या झाडीपट्टीच्या भाताच्या प्रदेशात दळणाबरोबर उखळ-मुसळावरचे कांडण महत्त्वाचे ठरले. नागपूर जिल्हा या दोन्ही प्रदेशांच्या सीमेवर आहे.

वऱ्हाडी व नागपुरी बोलींची छाप ओव्यांवर ठळकपणे पडते. वऱ्हाडीत 'ळ'चा उच्चार पुष्कळदा 'य' असा होतो, उदाहरणार्थ डोळा-डोया, काळा-काया. 'माझ्या'चे 'माह्या' होते. अशा ओव्या प्रमाण मराठीत आणून छापल्या, तर अनेक ठिकाणी यमक मोडते आणि लय बिघडते. यामुळे बोलीतील मूळ उच्चार जपणे हा केवळ प्रादेशिक अभिमानाचा प्रश्न राहत नाही. ती रचनेची गरज असते.

विदर्भातील संकलनाच्या संदर्भात वामन कृष्ण चोरघडे (जन्म १९१४, नरखेड, नागपूर जिल्हा) यांचा उल्लेख आवश्यक आहे. कथाकार म्हणून परिचित असलेल्या चोरघडे यांनी काका कालेलकर यांच्यासमवेत 'साहित्याचे मूलधन' हा लोकगीतांचा संग्रह सिद्ध केला. लोकगीते हे लेखी साहित्याचे भांडवल आहे, हा विचार त्या शीर्षकातच दिसतो. वऱ्हाडी लोकगीतांच्या संकलनात पां. श्रा. गोरे यांनी, तर झाडीबोलीच्या अभ्यासात हरिश्चंद्र बोरकर यांनी काम केले आहे.

ओवीशी नाते असलेला विदर्भातील आणखी एक प्रकार म्हणजे भुलाबाईची गाणी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरी पौर्णिमेपर्यंत मुली भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्ती मांडून ही गाणी म्हणतात व अखेरीस झाकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ खेळतात. सासर-माहेर हाच या गाण्यांचाही विषय आहे. फरक एवढाच की, ओवी सासरी गेलेल्या स्त्रीची आठवण आहे, तर भुलाबाईचे गाणे सासरी जाऊ घातलेल्या मुलीची पूर्वतयारी आहे.

संकलन व अभ्यास

विसाव्या शतकात ओव्यांच्या संकलनाला गती आली. साने गुरुजींचा 'स्त्री जीवन' हा संग्रह सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. कमलाबाई देशपांडे यांनी 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते' या ग्रंथात स्त्रीगीतांचा स्वतंत्र साहित्य म्हणून विचार केला. दुर्गा भागवत यांच्या 'लोकसाहित्याची रूपरेषा' (१९५६) या ग्रंथाने अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून अनेक खंड प्रसिद्ध केले. कवयित्री इंदिरा संत यांनी 'मालनगाथा'मध्ये ओव्यांचा रसास्वाद घेतला, तर तारा भवाळकर यांनी 'स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर' या ग्रंथात लोकगीतांतील स्त्रीच्या आत्मभानाचा शोध घेतला.

सर्वांत व्यापक संकलन हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी केले. पुणे जिल्ह्यातील डोंगरी भागात सामाजिक काम करताना त्यांना ओव्यांचे महत्त्व जाणवले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण झाले. हा संग्रह पुढे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' (पारी) या संकेतस्थळाने क्रमशः प्रसिद्ध केला. गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव आणि सामाजिक पार्श्वभूमी यांची नोंद हे या कामाचे वैशिष्ट्य आहे. पूर्वीच्या बहुतेक संग्रहांत ओव्या विषयवार लावलेल्या असत आणि गाणारीचे नाव गळून पडे. त्यामुळे 'लोक' नावाच्या एका अमूर्त कर्त्याला श्रेय मिळे. नाव नोंदविल्यानंतर मात्र प्रत्येक ओवीमागे एक माणूस आणि एक आयुष्य उभे राहते.

बहिणाबाई आणि व्यक्तिगत कविता

जळगाव जिल्ह्यातील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेत ही परंपरा व्यक्तिगत प्रतिभेला येऊन मिळते. निरक्षर असलेल्या बहिणाबाई घरकाम व शेतकाम करताना लेवा गणबोलीत गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव चौधरी यांनी जपलेली ही गाणी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जात्याला उद्देशून असलेली 'घरोट' ही कविता त्यात आहे. ती लिहून ठेवणारे कोणी घरात नसते, तर बहिणाबाईही निनावी राहिल्या असत्या. अशा किती कवयित्री केवळ लेखणीअभावी विस्मृतीत गेल्या, हा प्रश्न ओवीच्या प्रत्येक अभ्यासकापुढे उभा राहतो.

इतिहासाचे साधन म्हणून मूल्य आणि मर्यादा

ओव्यांत शेर-पायलीची मापे, कासार व शिंपी यांचे व्यवहार, खण, चोळी, दागिने, पिके, दुष्काळ, बाळंतपण आणि आजारपण यांचे असंख्य तपशील विखुरलेले आहेत. पुढे त्यांत आगगाडी, मोटार आणि शाळाही येतात. राजकीय कागदपत्रांत न सापडणारे घराच्या आतले जग त्यांतून दिसते.

तथापि हे साधन वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. ओवीतील पुष्कळ वर्णने सांकेतिक असतात. भावाच्या वाड्याचे वर्णन म्हणजे प्रत्यक्ष वाड्याचा पुरावा नव्हे. एकच ओवी थोड्याफार फरकाने अनेक जिल्ह्यांत गायली जात असल्याने तिचा काळ ठरविणे कठीण असते. तसेच प्रत्येक ओवी बंडखोर असते, असेही नाही. मुलगा हवा, सासरचा मान राखावा, अहेवपणी मरण यावे या तत्कालीन समजुतीही ओव्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेल्या. दुःख व्यक्त करणारी आणि तेच दुःख रीत म्हणून स्वीकारणारी अशा दोन्ही स्त्रिया या काव्यात आहेत, आणि अनेकदा ती एकच स्त्री असते.

ऱ्हास आणि सद्यस्थिती

डिझेलवर व नंतर विजेवर चालणाऱ्या चक्क्यांमुळे स्वातंत्र्योत्तर काळात जाते घराच्या कोपऱ्यात गेले. स्त्रियांचे मोठे कष्ट वाचले. जात्याच्या आठवणीने हळहळताना ही बाब विसरून चालत नाही. स्वतः ओवी गाणाऱ्या स्त्रियांपैकी फारच थोड्यांना पुन्हा दळण नको असते. परंतु कष्टांबरोबर ती पहाटेची वेळ, दोघींचे एकत्र बसणे आणि आईकडून मुलीकडे होणारे काव्याचे हस्तांतरणही थांबले. आज विवाहातील घाणा भरण्याच्या विधीत हळद दळताना काही ओव्या गायल्या जातात. इतर ओव्या मुख्यतः मागणीवरून, आठवून म्हटल्या जातात.

ज्यांनी लहानपणी जात्याशी बसून ओवी शिकली, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यामुळे घरोघरी होणाऱ्या लहान नोंदींनाही महत्त्व आले आहे. अशी नोंद करताना गाणारीची संमती, तिचे नाव, माहेरचे व सासरचे गाव, ओवी कोणाकडून ऐकली ती व्यक्ती, गायनाची तारीख आणि बोलीतील मूळ उच्चार या गोष्टी टिपून ठेवल्या जातात. शब्द शुद्ध करण्याचा मोह टाळला जातो. ओवी सहसा एकटी आठवत नाही, एकीमागून दुसरी येते. म्हणून क्रमही जसाच्या तसा नोंदविला जातो. पुष्कळदा खुंटा धरल्यासारखा हात फिरविल्यावरच वृद्ध स्त्रियांना पुढची ओळ आठवते, असा संकलकांचा अनुभव आहे.